क्लास ए की क्लास एबी? आधी बायस मोजा

तुम्ही विचारलेलं आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर इथेच कळेल. तुम्ही नागपूरला राहता. १२ बाय १४ फुटांची खोली, ८ ओहमचे ८७ डेसिबलवाले छोटे स्पीकर, आणि तयार बोर्ड आणून स्वतः डब्यात बसवलेला ६० वॅटचा क्लास एबी ॲम्प. प्रत्येक चॅनेलला २एससी५२०० आणि २एसए१९४३ या ट्रान्झिस्टरांची एकच जोडी. घरचे झोपल्यावर हळू आवाजात ख्याल आणि जुनी भावगीतं ऐकता, आणि नेमका तेव्हाच आवाज कोरडा, खरखरीत लागतो. मित्राकडे क्लास ए ऐकलात, तो मऊ वाटला. आता २५ वॅटचा क्लास ए बांधायला घ्यावा का, आणि हा फरक खरोखर क्लासचा असतो की ऐकणाऱ्याच्या मनाचा, हे तुम्हाला हवंय.

मी पुण्यात तीसेक वर्षं ॲम्प दुरुस्त करतोय, अधूनमधून बांधतोही. माझं मत आधीच सांगून टाकतो. तुम्हाला ऐकू येणारा कोरडेपणा खरा असण्याची शक्यता बरीच आहे. पण त्याचं खापर ‘एबी’ या दोन अक्षरांवर फोडण्याआधी तुमच्या ॲम्पचा बायस, म्हणजे गाणं नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरांतून वाहता ठेवलेला प्रवाह, किती आहे ते मोजायला हवं. नीट बायस केलेला एबी आणि नीट बांधलेला ए, दोन्ही सारख्याच आवाजाला ठेवून, तुमच्यासारख्या खोलीत, न बघता ओळखणं मला स्वतःला जमलेलं नाही. बायस बिघडलेला एबी मात्र तंबोऱ्याच्या पहिल्या दोन आवर्तनांत ओळखू येतो.

हे उत्तर स्पीकर, खोली, ऐकण्याची पातळी आणि सर्किट यांवर बदलतं. ४ ओहमचे, ८३ डेसिबलचे स्पीकर घेऊन तुम्ही मोठ्याने ऐकत असता तर मी वेगळं लिहिलं असतं.

क्लास म्हणजे नेमकं काय, ते ताक घुसळण्यावरून सांगतो. रवीच्या दोरीची दोन टोकं दोन हातांत असतात. एक हात ओढतो तेव्हा दुसऱ्याने दोरी पूर्ण सैल सोडली, तर दिशा बदलताना दर वेळी एक हिसका बसतो. आधी सैल दोरी ताणली जाते, मग रवी फिरते. हा झाला क्लास बी, शून्य बायसचा. सैल हाताने दोरीला जेमतेम ताण ठेवला तर हिसका जवळजवळ नाहीसा होतो. हा क्लास एबी. आणि दोन्ही हातांनी सारखी घट्ट पकड ठेवून, एकाने ओढताना दुसऱ्याने तेवढंच सोडायचं, पण हात कधीच मोकळा करायचा नाही, हा क्लास ए. ताक तिन्ही पद्धतींनी होतं. तिसऱ्या पद्धतीत हात भरून येतात, इतकंच.

ॲम्पमध्ये ते दोन हात म्हणजे वरचा एनपीएन आणि खालचा पीएनपी ट्रान्झिस्टर. सिलिकॉन ट्रान्झिस्टरला चालू व्हायलाच बेस आणि एमिटरमध्ये साधारण ०.६ व्होल्ट लागतात. तेवढे आधीच देऊन ठेवले नाहीत तर सिग्नल शून्याच्या आसपास असताना दोघंही झोपलेले असतात. याच मोकळ्या पट्ट्यात जी विकृती तयार होते ती क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन. आणि सिग्नल शून्याच्या आसपास सर्वांत जास्त वेळ कधी असतो? हळू आवाजात. तुमची तक्रार रात्रीचीच आहे, हे वाचून माझे कान टवकारले ते म्हणूनच.

आता थोडे आकडे, कारण त्यांच्याशिवाय ही चर्चा नुसती विशेषणांवर चालते. तुमचे स्पीकर १ वॅटला एक मीटरवर ८७ डेसिबल देतात. खोलीत अडीच-तीन मीटरवर बसलात आणि दोन स्पीकर धरले, तर तिथे ८३-८४ डेसिबल मिळतील. रात्री तुम्ही सरासरी ६८-७० च्या वर जात नसणार, नाहीतर घरचे झोपले नसते. म्हणजे १ वॅटच्या १५ डेसिबल खाली, सरासरी ०.०३ वॅट! तबल्याची थाप किंवा एखादी जोरकस तान १ वॅटपर्यंत उडी मारेल, बस. ६० वॅटचा ॲम्प घेऊन आपण रात्रभर मिलिवॅटमध्ये वावरतो.

नीट बायस केलेल्या एबीमध्ये एका जोडीतून साधारण १०० मिलिअँपिअर सतत वाहतात. त्याच्या दुप्पट, म्हणजे २०० मिलिअँपिअरच्या शिखरापर्यंत दोन्ही ट्रान्झिस्टर चालूच राहतात. ८ ओहमवर त्याची शक्ती होते ०.१६ वॅट. याचा अर्थ, तुमचा ‘एबी’ ॲम्प बायस बरोबर असेल तर रात्रीच्या ऐकण्यातला बहुतांश वेळ क्लास ए मध्येच चालतो. ज्यासाठी तुम्ही नवा डबा बांधायला निघालात ते तुमच्याकडे आहे, किंवा असायला हवं होतं. दोन जोड्यांचा बोर्ड असता तर हीच मर्यादा ०.६४ वॅटवर गेली असती.

मग तो खरखरीतपणा कुठला? इथे जरा रेंगाळतो, कारण ख्याल ऐकणाऱ्याला हा भाग आवडेल असं वाटतं.

कुठलाही ॲम्प मूळ स्वरात नसलेले स्वर थोडेफार मिसळतोच. ते मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे असतात. षड्ज २४० हर्ट्झला धरा. दुसरा हार्मोनिक ४८०, म्हणजे तार षड्ज. तिसरा ७२०, तार सप्तकातला पंचम. चौथा पुन्हा षड्ज. पाचवा १२००, शुद्ध गंधार. सहावा पंचम. इथपर्यंत सगळे घरातलेच लोक. तंबोरा छेडल्यावर आतून गंधार ऐकू येतो म्हणतात तो हाच. पुढचा सातवा १६८०, कोमल निषादाच्याही खाली घसरलेला. अकरावा शुद्ध आणि तीव्र मध्यमांच्या मधोमध लटकतो. तेरावा दोन धैवतांच्या मध्ये. हे कुठल्याच रागात बसत नाहीत.

एकाच ट्रान्झिस्टरने दोन्ही अर्धी ओढणारा, म्हणजे सिंगल एंडेड क्लास ए, चूक करतो ती मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची. आवाज कमी केला की तीही कमी होत जाते. चुकला तरी षड्जच लावला! क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन उलट्या स्वभावाचं. ते तिसरा, पाचवा, सातवा, नववा, अकरावा असे विषम हार्मोनिक लांबवर पसरवतं. दुसरं म्हणजे त्या हिसक्याचा आकार ठरलेला असतो. सिग्नल लहान झाला तरी हिसका तेवढाच राहतो, म्हणून प्रमाणात तो वाढतो. आणि एका स्वराचं हे गणित झालं. तंबोऱ्यात एकाच वेळी डझनावारी आंशिक स्वर असतात. जवारीच्या रुंद, किंचित वळलेल्या पृष्ठभागामुळे तार घोडीला घासत सुटते, म्हणून वरचे स्वर इतके उजळतात, सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच या घोडीचा अभ्यास करून लिहिलं होतं. त्या प्रत्येक स्वराची इतर प्रत्येकाशी बेरीज-वजाबाकी होऊन नवे बेसूर स्वर तयार होतात. म्हणून क्रॉसओव्हर तपासायला महागडी चाचणी-सीडी लागत नाही. मिरजेचा चांगला जवारी लावलेला तंबोरा हळू आवाजात लावा आणि तार विझत जाताना शेवट ऐका.

‘पण फीडबॅक हे सगळं दुरुस्त करतो ना?’ फीडबॅक म्हणजे आउटपुटचा थोडा भाग मागे नेऊन मूळ सिग्नलशी ताडून चूक काढणं. करतो, पुष्कळच करतो. पण फीडबॅकला दुरुस्ती करायला आउटपुट स्टेज जिवंत लागते. दोन्ही ट्रान्झिस्टर बंद असलेल्या पट्ट्यात फीडबॅक कितीही ओरडला तरी पलीकडे ऐकायला कोणी नसतं. शिवाय वरच्या पट्टीत फीडबॅकचा जोर कमी होत जातो, आणि हिसक्याचे तुकडे नेमके तिथेच पडतात.

एक प्रसंग सांगतो. गाणं शिकवणाऱ्या एका बाईंचा जुना इंटिग्रेटेड ॲम्प माझ्याकडे आला होता. त्यांची तक्रार अशी, की मोठ्याने लावला तर छान, पण हळू लावला की तंबोऱ्याचा शेवट कागद फाटल्यासारखा येतो. आधीच्या दोन दुकानांत ‘काही दोष नाही’ म्हणून परत दिला होता, कारण तिथे कोणी हळू लावून पाहिलाच नव्हता. मी एमिटरच्या ०.२२ ओहमच्या रेझिस्टरवर मीटर लावला, तर दीड मिलिव्होल्ट. म्हणजे जेमतेम ७ मिलिअँपिअर. कोणीतरी कधीतरी ‘फार गरम होतो’ म्हणून बायसचा प्रीसेट (जुळवणीचा छोटा स्क्रू) मागे फिरवून ठेवला होता. ८ ओहमचा लोड लावून छोटा सिग्नल दिला तर स्कोपवर, म्हणजे सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, शून्याच्या रेषेला स्पष्ट पायरी. प्रीसेट फिरवून २२ मिलिव्होल्टवर आणला, अर्धा तास तापू दिला, पुन्हा जुळवला. एक भाग बदलला नाही. चार दिवसांनी बाईंचा फोन आला, ‘तंबोरा आता शेवटपर्यंत जातो.’ त्या बाईंना कोणी त्याआधी क्लास ए ऐकवला असता, तर त्यांनीही शपथेवर सांगितलं असतं की एबी टाकाऊ आहे.

आता माझी स्वतःची फजिती. बऱ्याच वर्षांपूर्वी मी इंग्लंडचे सर्किट-रचनाकार जॉन लिन्स्ली हूड यांचा १० वॅटचा क्लास ए बांधला. ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकाच्या एप्रिल १९६९ च्या अंकात आलेलं हे सर्किट आजही जगभर बांधलं जातं, चार ट्रान्झिस्टर, ८ ओहमसाठी २७ व्होल्टचा सप्लाय आणि १.२ अँपिअरचा सततचा प्रवाह. दोन-चार मित्रांना बोलावलं, शेजारी माझा रोजचा एबी ठेवला. सगळ्यांनी एकमताने क्लास एला कौल दिला, मीही. गाणाऱ्याचा श्वास कळतो, तबल्याची शाई दिसते, काय काय बोललो आम्ही! ते गेल्यावर मला मीटर लावायची बुद्धी झाली. क्लास एचा आवाज ०.७ डेसिबलने मोठा होता, म्हणजे व्होल्टेजमध्ये आठ टक्के. इतका फरक ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही, ‘चांगला’ म्हणून जाणवतो. पुढच्या रविवारी तेच मित्र, तीच गाणी, पण पातळी एक टक्क्याच्या आत जुळवलेली आणि मध्ये पडदा. कोणालाच ओळखता आलं नाही. चहा मात्र त्या दिवशी लवकर संपला.

मी एकटाच फसलेला नाही. इंग्लंडच्या क्वाड कंपनीच्या व्हॉल्व्हच्या क्वाड टू, ट्रान्झिस्टरच्या ३०३ आणि ४०५ या तीन ॲम्पची १९७८ मध्ये जेम्स मॉयर यांनी पडद्याआड चाचणी घेतली होती, आणि अनुभवी ऐकणाऱ्यांच्या गटालाही त्यांत भरवशाने फरक करता आला नव्हता. त्यातला ४०५ तर गंमतीचा आहे: एक छोटा क्लास ए ॲम्प नाजूक काम सांभाळतो, आणि बायस नसलेले दांडगे ट्रान्झिस्टर नुसता प्रवाह ओततात. क्लासच्या अक्षरावरून आवाज ठरत असता तर हा ॲम्प कुठल्या रकान्यात टाकायचा?

म्हणून क्लास ए म्हणजे नुसती श्रद्धा, असं मात्र मी म्हणत नाही. काही ठिकाणी फरक खरा असतो, फक्त त्याचं कारण बहुतेक वेळा वेगळं निघतं.

पहिलं कारण आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे स्पीकरच्या वाटेत ॲम्पचा स्वतःचा आतला अडथळा. बरेच आधुनिक क्लास ए, विशेषतः अमेरिकन ॲम्प-रचनाकार नेल्सन पास यांच्या विचाराने बांधलेले साधे सिंगल एंडेड ॲम्प, मुद्दाम कमी फीडबॅकवर किंवा फीडबॅकशिवाय चालवतात. त्यांचा आउटपुट इम्पीडन्स १ ओहम असू शकतो. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेलं असलं तरी तो कुठे ६ असतो आणि बासच्या अनुनादाला किंवा क्रॉसओव्हर नेटवर्कच्या (स्पीकरमधल्या, बास आणि वरचे स्वर वेगळे करणाऱ्या सर्किटच्या) जागी ३० ओहमपर्यंत चढतो. १ ओहममागे ६ आणि ३० ओहमच्या जागांत साधारण १ डेसिबलचा फरक पडतो. म्हणजे बास थोडा फुगतो, मधला भाग कुठेतरी उचलला जातो. हा फरक ऐकू येतो, आणि बहुतेकांना तो ‘ऊबदार’ वाटतो. तुमच्या मित्राकडचा ॲम्प या जातीचा असेल, तर तुम्हाला आवडलेला मऊपणा हाच असू शकतो. तो खोटा नाही. पण तोच परिणाम एबीला एक १ ओहमचा, ५-१० वॅटचा रेझिस्टर मालिकेत लावून जवळजवळ फुकट मिळतो. एकदा करून बघा, मजा येते.

दुसरं कारण दुसऱ्या हार्मोनिकचं. कमी फीडबॅकच्या सिंगल एंडेड ॲम्पमध्ये तो मोठ्या आवाजात चांगला टक्काभर असू शकतो. एकट्या गळ्याला, सतारीला तो भराव देतो. मोठा वाद्यवृंद लावलात की तोच भराव गर्दी करतो. ज्याची त्याची आवड. मी याला गुणवत्ता म्हणणार नाही, चव म्हणेन.

तिसरं कारण मला स्वतःला सर्वांत पटणारं: क्लास एला उष्णतेची चाल सांभाळावी लागत नाही. ट्रान्झिस्टर तापला की त्याला लागणारं बेसचं व्होल्टेज दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टने घटतं. एबीमध्ये ड्रायव्हर आणि आउटपुट मिळून असे चार जोड एका रांगेत आले, तर २० अंश वाढीला १६० मिलिव्होल्टचा हिशेब चुकतो, आणि आपल्याला जुळवायचे असतात वीस-पंचवीस मिलिव्होल्ट! म्हणून बायसचा सेन्सर ट्रान्झिस्टर हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पंख्यांवर, बसवतात. तरी तो काही सेकंद, कधी मिनिटं मागे राहतो. जोरदार द्रुत संपून एकदम आलाप आला, तर त्या क्षणी बायस चुकलेला असतो. क्लास ए हा कारखाना सदैव एकाच तापमानाला चालवतो, म्हणून ही भानगड उरत नाही.

चौथं कारण इतिहासाचं आहे. १९६० च्या दशकातले ट्रान्झिस्टर ॲम्प खरोखरच वाईट होते. चांगले सिलिकॉन पीएनपी पॉवर ट्रान्झिस्टर तेव्हा सहज मिळत नसत, म्हणून वर-खाली दोन्हीकडे एनपीएनच लावून काम भागवत. दोन हात मुळातच वेगळे, म्हणून क्रॉसओव्हर कुरूप. लिन्स्ली हूड यांनी आपला क्लास ए ताडून पाहिला तो विल्यमसन यांच्या १९४७ च्या व्हॉल्व्ह ॲम्पशी. त्या काळात क्लास ए हाच सरळ मार्ग होता. क्लास एची कीर्ती तिथून आली आणि राहिली; दरम्यान एबी पुष्कळ सुधारला, ही बातमी मात्र तितकीशी पसरली नाही.

आता २५ वॅटच्या क्लास एची किंमत बघू, रुपये बाजूला ठेवून. ८ ओहमला २५ वॅट म्हणजे २० व्होल्ट आणि २.५ अँपिअरचं शिखर. पुश-पुलमध्ये त्याच्या निम्मा, १.२५ अँपिअर, सतत वाहायला हवा. अधिक-उणे २४ व्होल्टचा सप्लाय धरला तर एका चॅनेलला ६० वॅट उष्णता, दोन्ही मिळून १२०. गाणं चालू असो वा नसो. रोज चार तास लावलात तर महिन्याला १४-१५ युनिट, ट्रान्सफॉर्मरचा तोटा वेगळा. वीजबिलाचं फार मनावर घेऊ नका. नागपूरच्या मे महिन्याचं घ्या. खोली ४० अंशांवर, आणि ०.४ अंश प्रतिवॅटचा चांगला थोराड हीटसिंक ६० वॅटला आणखी २४ अंश चढतो. ६४ अंशांवर हात टेकवत नाही. बंद डब्यात शेजारचे कंडेन्सर भाजून निघतात, आणि इलेक्ट्रोलायटिकचं आयुष्य दर १० अंशांना निम्मं होतं असा ढोबळ ठोकताळा आहे. त्याच खोलीत कूलर चालू असेल, तर त्याच्या घरघरीपुढे क्रॉसओव्हर डिस्टॉर्शनची चर्चा करण्यात अर्थ नाही, हेही हळूच सांगून ठेवतो.

आणखी एक गोष्ट बांधायला बसलेले लोक विसरतात. क्लास ए शांततेतही पूर्ण प्रवाह ओढतो, म्हणून सप्लायवरची लहर, म्हणजे व्होल्टेजचा चढउतारही, शांततेतच पूर्ण असते. दोन्ही चॅनेलचे २.५ अँपिअर, प्रत्येक बाजूला १०,००० मायक्रोफॅरड, तर लहर अंदाजे अडीच व्होल्ट. तुमच्या एबीला त्याच कंडेन्सरवर शांततेत पाव व्होल्टसुद्धा नसते. म्हणून घाईत बांधलेला क्लास ए पहिल्या रात्री स्पीकरमधून गुणगुणतो. त्यावर उपाय आहेत, पण ते वजनाचे आणि पैशांचे.

मधला मार्ग म्हणून ‘एबीचा बायस जरा जास्तच वाढवू, तेवढाच क्लास ए जास्त’ असं पुष्कळ जण करतात. साध्या ट्रान्झिस्टरच्या आउटपुट स्टेजमध्ये हे करू नका. दोन्ही ट्रान्झिस्टर चालू असताना स्टेजची ताकद जवळजवळ दुप्पट असते. त्यातला एक बंद झाला की ती उतरते. बायस अचूक असेल तर हा उतार गुळगुळीत होतो. फाजील असेल तर एक-दोन वॅटवर नवी पायरी तयार होते. एमिटर रेझिस्टरवर साधारण २० ते २६ मिलिव्होल्ट, ही जागा हवेतून आलेली नाही. ट्रान्झिस्टरच्या भौतिकशास्त्रातून निघते. रेझिस्टर ०.२२ चा असो की ०.३३ चा, मिलिव्होल्ट तेच ठेवायचे, प्रवाह आपोआप बदलतो. मॉस्फेट या दुसऱ्या जातीच्या ट्रान्झिस्टरचं गणित वेगळं. तिथे जास्त बायस सहसा फायद्याचाच.

तर तुम्ही काय करायचं ते सांगतो. स्पीकर काढून ठेवा, इनपुट शॉर्ट करा. मेन्सच्या मालिकेत १०० वॅटचा पिवळा बल्ब लावा (हल्ली शोधावा लागतो, पण एक जपून ठेवाच). चालू केल्यावर बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर तिथेच थांबा. सगळं ठीक असेल तर बल्ब काढा, आणि मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून पांढऱ्या सिमेंट रेझिस्टरच्या (हाच एमिटर रेझिस्टर) दोन टोकांवर मगरी-क्लिपने जोडा. हाताने प्रोब धरू नका. घसरला की दोन्ही ट्रान्झिस्टर एका टिचकीत जातात, आणि अस्सल ५२०० मिळवणं आता सोपं राहिलेलं नाही. बाजारात बनावट माल बोकाळलाय. झाकण लावून अर्धा-पाऊण तास तापू द्या आणि मग आकडा वाचा. कमी असेल तर प्रीसेट केसाएवढा फिरवा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा वाचा. आउटपुटवरचं डीसी पण बघून घ्या, ५० मिलिव्होल्टच्या आत हवं.

त्याच वेळी एक गोष्ट नजरेने तपासा. बायसचा छोटा ट्रान्झिस्टर, बहुधा बीडी१३९, हीटसिंकला चिकटलेला आहे का? तयार बोर्डांवर तो पुष्कळदा पीसीबीवर हवेत उभा असतो. मग विकणाऱ्याला सुरक्षित राहण्यासाठी बायस जवळजवळ शून्यावर ठेवावा लागतो. माझा संशय खरं सांगायचं तर इथेच आहे. तसं असेल तर नुसता प्रीसेट वाढवू नका. डिसेंबरात २० मिलिव्होल्टवर लावलेला बायस मे महिन्यात पळत सुटेल. आधी तारा वाढवून तो ट्रान्झिस्टर मायका वॉशर आणि कंपाउंडसह हीटसिंकवर घ्या, मग जुळवा. एका चॅनेलला बायस १०० मिलिअँपिअर, सप्लाय अधिक-उणे ३५ व्होल्ट, म्हणजे शांततेत ७ वॅट उष्णता. हीटसिंक कोमट लागला पाहिजे. थंडगार एबी ॲम्प बघून आनंद मानू नका.

हे झाल्यावर मित्राचा क्लास ए एका रात्रीसाठी उसना आणा. ४०० हर्ट्झचा टोन लावून दोन्हींची स्पीकरच्या टोकांवरची व्होल्टेज एक टक्क्याच्या आत जुळवा. अदलाबदल दुसऱ्या कोणालातरी करू द्या, तुम्ही पाठ करून बसा. १६ वेळा ओळखा. १२ किंवा जास्त बरोबर आले तर योगायोगाची शक्यता चार टक्क्यांहून कमी, म्हणजे तुमच्या कानांना खरोखर काहीतरी सापडलंय. मग तो १ ओहमचा रेझिस्टर एबीला लावून, पातळी नव्याने जुळवून, पुन्हा १६ वेळा. आता ओळखता आलं नाही, तर उत्तर रेझिस्टरमध्ये होतं.

आणि इतकं करूनही क्लास ए बांधायचीच हौस असेल तर जरूर बांधा, पण २५ वॅटचा नको. तुमच्या रात्रीच्या ऐकण्याला लिन्स्ली हूडचे १० वॅट भरपूर होतात. चॅनेलमागे ३२ वॅट उष्णता, भाग मोजके, आणि काम करताना क्लास ए कसा श्वास घेतो ते हाताला कळतं. डबा उघडा आणि हवेशीर ठेवा, ऑक्टोबर संपल्यावर सुरुवात करा. ट्रान्सफॉर्मर मात्र एबीचा बायस मोजून झाल्याशिवाय मागवू नका. दोन्ही चॅनेलचे मिलिव्होल्ट आणि तो बीडी१३९ कुठे आहे, एवढं आधी कळवा.